घोडी फळवायची आहे: सहासष्ट इंची नुकरा की बासष्ट इंची कुमैत?

कागलची_पागा · ८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे मारवाडी घोडी आहे. रंग कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट), कपाळावर चांद, मागचे दोन्ही पाय पांढरे. वय सहा, उंची साडेएकसष्ट इंच. अकलूजच्या बाजारातून दोन दात असताना आणली. कागदं आहेत, चिप आहे. आजोबा बिंदू चौक ते स्टेशन टांगा हाकायचे, त्यांच्यानंतर घरात घोडा नव्हता. घोडी दारात उतरली तेव्हा आज्जी उंबऱ्यावर उभी राहून रडली, आणि वडील म्हणाले, "ह्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या." दोघांचंही बरोबर होतं.

आता फेब्रुवारी-मार्चमध्ये घोडी फळवायची म्हणतोय. दोन घोडे डोळ्यासमोर आहेत.

पहिला पुण्याकडचा. नुकरा, पांढराशुभ्र, सहासष्ट इंच. प्रदर्शनांत बक्षिसं आहेत, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. मालक म्हणतो नुकरा लावला की शिंगरू नुकरंच.

दुसरा कराडकडचा. कुमैत, बासष्ट इंच, वय चौदा. फोटोत काहीच वाटत नाही. मालक रोज स्वतः बसतो, शेतात जातो, लांबच्या स्वाऱ्या करतो. पहिल्याच्या चौथाई पैशात काम होतंय.

मित्र सगळे नुकऱ्याच्या बाजूचे. उंचीला पैसा आहे हे मलाही कळतं. पण नेमकं काय बघून ठरवायचं?

---

तेजी_मंदी · ८ जानेवारी, रात्री १०:१५

दादा, मी खरेदी-विक्रीतला माणूस, सरळ सांगतो. गिऱ्हाईक आलं की आधी टेप काढतंय. चौसष्टच्या वर गेला की प्रत्येक इंचाचा भाव निराळा. मग कान. टोकाला टोक भिडलं पाहिजे. मग रंग. मग मानेवर देवमण, म्हणजे शुभ भोवरा, आहे का, आणि डोळ्याखाली भोवरा नाही ना, ज्याला आमच्यात आसूढाळ म्हणतात. तो असला की निम्म्या किमतीलाही कोण हात लावत नाही.

पाय म्हणाल तर घोडा वाळूत उभा असतोय, पाय कुणाला दिसतात? सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दत्तजयंतीला मी कैक वर्षं जातोय. खूर उचलून बघणारी दोनच माणसं मला भेटली. दोघंबी नालबंद होती.

नुकरा लावा. डोळे झाकून.

---

निवृत्त_दफेदार · ९ जानेवारी, पहाटे ५:५०

तेजी_मंदी यांनी लिहिलंय ते खरं आहे, म्हणूनच वाचून वाईट वाटलं.

माझं गाव सैनिक टाकळी. नोकरी फौजेत, त्यातली बरीचशी घोड्यांत. आमच्याकडे नवा घोडा आला की रंगाची नोंद व्हायची ती ओळख पटावी म्हणून. मोल ठरायचं ते पाय, पाठ, दम आणि डोकं यांवर. घोडा कडक जमिनीवर चालवायचा. आधी आपल्याकडे येताना, मग लांब जाताना, मग बाजूने. येताना पुढचे खूर सरळ पडतात की बाहेर फेकतो, हे दहा पावलांत कळतं. जाताना मागच्या पायांचे मधले सांधे एकमेकांकडे झुकतात का ते बघायचं. बाजूने बघताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापर्यंत पोचतो का, ते. हे सगळं साध्या चालीत. दौडीत ऐब लपतो.

दुसरं, खांद्यावरचा उंचवटा. तो बुटका असला की खोगीर फिरतं, मग तंग आवळून घोड्याला जखम करा. व्हिडिओत खोगीर नसतंच, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही.

उंचीचं म्हणाल, तर मारवाडीची उंची पुस्तकात साधारण ५६ ते ६२ इंच दिलेली असते. तुमची घोडी त्यातच बसते आणि तो कराडचा घोडाही. सहासष्टवर जी हाडं उभी करायची, त्यांच्याखाली नळीही तेवढी जाड पाहिजे. गुडघ्याखाली टेप गुंडाळून घेर मोजा. मालकाला आवडणार नाही, तरी मोजा.

अवांतर: शाहू महाराज रानटी घोडी खडखड्याला, म्हणजे घोडी शिकवायच्या मजबूत गाडीला, जुंपून वठणीवर आणायचे, हे आमच्या आज्याकडून ऐकत आलो. सोनतळीला तो खडखडा निघाला की लोक रस्त्याच्या कडेला व्हायचे. असल्या कामात जो टिकेल तो घोडा. आता रेसकोर्स नाक्याला फक्त नाव उरलंय.

---

वरात_आणि_बग्गी · ९ जानेवारी, सकाळी ११:०५

दफेदारांना सलाम. मी वरातीला घोडी देतो, तीन पिढ्यांचा धंदा. माझी एकच अट असती, डोकं थंड पाहिजे.

कोल्हापुरात डॉल्बीच्या भिंतीपुढं घोडी उभी करायची, अंगावर नवरदेव, नवरदेवाच्या पुढ्यात भाचा, खाली फटाक्यांची माळ. चौसष्ट इंची नुकरा घेतलेला मी. दिसायला राजा. दुसऱ्याच वरातीत नवरदेवाला पानाच्या टपरीवर नेऊन आदळला. पोरगं वाचलं, हळद फिस्कटली, माझे पैसे गेले. विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं की ह्याचा बापबी असाच होता.

---

मिसळ_एक्स्ट्रा_कट · ९ जानेवारी, दुपारी १:२०

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). (टपरीवाल्याचं काय झालं?)

---

गुरांची_डॉक्टर · ९ जानेवारी, रात्री ११:३०

मी गडहिंग्लज भागात प्रॅक्टिस करते. गाई-म्हशी जास्त, घोडे मोजके. पण या विषयावर गप्प बसवत नाही, जरा लांबेल.

आधी रंगाचं, कारण त्यात कागलची_पागा यांची फसगत होणार आहे. "नुकरा" हा डोळ्यांना दिसणारा रंग आहे, त्यामागचं जनुक एकच नसतं. त्या घोड्याचे डोळे निळसर असतील, तर बहुधा त्याच्या अंगात रंग फिका करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आहेत. त्यातली एक तो प्रत्येक शिंगराला देणारच. तुमची घोडी कुमैत, तिच्याकडे ती प्रत नाही. म्हणजे शिंगराला एकच प्रत, आणि एका प्रतीने होतो समंद (पिवळट अंग, काळी आयाळ) किंवा सोनेरी. नुकरा नाही. एकही नाही. डोळे काळे असतील तर प्रकरण वेगळं, तिथे पांढरेपणाचं दुसरं जनुक असू शकतं, आणि ते साधारण निम्म्याच शिंगरांत उतरतं. दोन्ही बाजूंनी "नुकरंच होणार" ही हमी खोटी. शिवाय गुलाबी कातडीला उन्हाचा त्रास होतो, नाकपुडी आणि डोळ्यांच्या कडा भाजतात. ऊन आपल्याकडे कमी नाही.

आता उंची. उंची बऱ्यापैकी आईबापांवरून उतरते, म्हणून ती निवडणं सोपं. एका पिढीत फरक दिसतो आणि माणसाला वाटतं आपण मोठे पैदासकार झालो. घोडी वेळेवर गाभण राहणं, वर्षाआड शिंगरू देणं, हे मात्र फार कमी उतरतं. तिथे निवडीचं फळ सावकाश दिसतं, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही. घोड्यात एक पिढी पुढे सरकायला आठ-दहा वर्षं जातात. आज चुकीचं लक्षण धरलं तर ते कळेपर्यंत तुमचा मुलगा कॉलेजात गेलेला असेल.

प्रदर्शनाचं वेड कुठवर नेतं याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. क्वार्टर हॉर्स जातीत १९६९ साली 'इम्प्रेसिव्ह' नावाचा घोडा जन्मला. अंगावर स्नायूंच्या लाटा. रिंगणात नुसतं उभं करून बघायच्या स्पर्धेत तो आणि त्याची पोरं जिंकत राहिली, म्हणून सगळ्यांनी त्यालाच घोड्या लावल्या. पुढे कळलं की त्याच्या वंशात एक खोट उतरलीय. स्नायूंतल्या सोडियमच्या वाटा नीट मिटत नाहीत, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, घोडा थरथरतो, कधी कोसळतो, कधी मरतो. १९९२ पासून त्याची डीएनए चाचणी निघाली. आणि ज्या शिंगरांत ती खोट आई आणि बाप दोघांकडून आलीय, त्यांची नोंदणी बंद केली ती २००७ पासून जन्मलेल्यांची. मधल्या पंधरा वर्षांत चाचणी हातात असूनही लोक बक्षिसांसाठी तीच पैदास करत होते.

नुकऱ्याच्या मालकाकडे वंशावळ मागा आणि तुमच्या घोडीच्या कागदाशेजारी ठेवून वाचा.

---

कागलची_पागा · १० जानेवारी, सकाळी ८:१०

डॉक्टरताई, हात जोडतो. रात्रीच कागद मागवला. माझ्या घोडीचा बाप म्हणजे त्या नुकऱ्याच्या बापाचा बाप निघाला. मालक म्हणतो, "मग तर चांगलंच, रक्त घट्ट होईल."

---

गुरांची_डॉक्टर · १० जानेवारी, सकाळी ९:००

घट्ट होईल खरंच. दोघांत तो एकच सामायिक पूर्वज असेल तर शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक (आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाची तीच प्रत येण्याची शक्यता) ६.२५ टक्के. माणसांत सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न लावल्यावर लेकराचं जे गणित येतं, तेवढाच. आपल्याकडे अशी लग्नं होतात आणि पोरं धडधाकटही असतात, त्यामुळे घाबरवत नाही. सावत्र भावंडं एकत्र आणली तर १२.५, बाप-लेक आणली तर २५. पण लक्षात घ्या, वंशावळीच्या पहिल्या तीन ओळींतच हे सापडलं. त्यामागे काय काय असेल ते कागदात नाही. नामांकित घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळा देश त्यांच्याच दारात उभा.

अरबी घोड्यांत असंच बंद घरात लग्न लावत गेल्यावर जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली शिंगरं निघायला लागली. दिसायला ठणठणीत, आणि काही महिन्यांत साध्या न्यूमोनियाने जातात. मारवाडीवर ती वेळ आणायची नसेल, तर "रक्त घट्ट" हा शब्द जरा जपून.

---

पन्हाळा_पायथा · १० जानेवारी, दुपारी ३:४५

सगळे शहाणे बोलले, माझा एक अडाणी प्रश्न. मारवाडी इथे आणायचाच कशाला? वाळवंटातला घोडा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गोठ्याची जमीन वाळत नाही. खुराखालचा मऊ त्रिकोण कुजतो, वास मारतो, नालबंद शिव्या घालतो.

दरवर्षी धनगरांचे तांडे आमच्या माळावरून जातात. त्यांची तट्टं बघा. पाठीवर संसार, वर कोकरं, कोंबड्या, कधी पोर. पावसात, चिखलात, खडकावर. कुणाला टेप लावायची गरज पडत नाही. ह्या तट्टांची जात भीमथडी, तिला आता कर्नालच्या पशू आनुवंशिक संस्थेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिलीय. मराठ्यांच्या फौजा असल्याच घोड्यांवर दौडल्या. आणि आपण सहासष्ट इंचाच्या मागे.

---

तेजी_मंदी · १० जानेवारी, दुपारी ४:०२

भावा, भीमथडीवर नवरदेव बसवला तर त्याचे पाय जमिनीला लागतील.

---

पन्हाळा_पायथा · १० जानेवारी, दुपारी ४:०९

तर टपरीवर तरी आदळणार नाही.

---

निवृत्त_दफेदार · १० जानेवारी, संध्याकाळी ६:३०

पन्हाळा_पायथा यांचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. पण धागाकर्त्याच्या दारात मारवाडी घोडी उभी आहे, ती काय परत पाठवायची? मग त्यांनी इथल्या पावसात टिकेल असा खूर निवडावा. कराडचा घोडा चौदा वर्षांचा आहे आणि त्यातले बरेच पावसाळे त्याने आपल्याच हवेत काढलेत. त्याचा खूर बघणं म्हणजे अर्धी परीक्षा झालेलीच आहे.

---

हॅनोव्हरचा_कोल्हापूरकर · ११ जानेवारी, रात्री १२:५५

इथे नोकरीनिमित्त आहे, शनिवारी तबेल्यावर मदतीला जातो. मूळ शुक्रवार पेठ.

इथून जवळ सेले गावात १७३५ पासून सरकारी घोडापागा आहे. हॅनोव्हेरियन जात तिथूनच वर आली. गंमत म्हणजे हे लोक "शुद्ध रक्त" असं ऊर बडवून म्हणत नाहीत. थरोब्रेड, ट्राकेनर, अरबी रक्त गरज पडली की आत घेतात. मात्र पैदाशीच्या घोड्याला आधी तज्ज्ञांपुढे मान्यता मिळवावी लागते, आणि मग स्वारीची परीक्षा वेगळी द्यावी लागते. घरचा माणूस बसतो ते निराळं, परका परीक्षक बसतो आणि घोडा ऐकतो का त्याचे गुण देतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्याकडची लग्नाची बघणी आठवली, फक्त इथे मुलगा दाखवतात.

आइसलँडवाले तर अजून पुढे. त्यांच्या गुणपत्रिकेत बांध्याला ३५ टक्के वजन आणि स्वारीला ६५. तो घोडा साधारण साडेतेरा मुठींचा, म्हणजे ५४-५५ इंच. मोठी माणसं मजेत बसतात. आपल्या रेवाल चालीसारखी त्यांची 'टोल्ट' चाल, बसणाऱ्याचा चहा सांडत नाही. त्या चालीमागचं जनुक २०१२ साली सापडलं.

तुमच्या घोडीला रेवाल आहे का? असेल तर आणि घोड्यालाही असेल, तर रंगाच्या आधी मी ते धरेन. मारवाडीचं खरं धन ती चाल आहे आणि आता ती विचारणारं गिऱ्हाईकच उरलं नाही.

---

कागलची_पागा · ११ जानेवारी, सकाळी ७:२५

आहे! मला नाव माहीत नव्हतं. डांबरीवर सोडली की मध्येच एक गुळगुळीत चाल धरते, वाटतं खुर्चीत बसलोय. मी आपलं तिला लाडानं 'एस्टीची सेमी' म्हणायचो.

---

वरात_आणि_बग्गी · ११ जानेवारी, सकाळी १०:४०

असली घोडी असून नुकऱ्याच्या मागं लागलाय व्हय. आणि शिंगरू झाल्यावर एक करू नका. अदंत (पक्के दात न आलेल्या) गटात दाखवायचं म्हणून वर्षाच्या शिंगराला दूध, तूप, हरभरा कोंबतात. अंग सुटतं, पाय वाकडे होतात. माझ्या मेव्हण्यानं केलंय हे. बक्षीस मिळालं, घोडा दोन दाताला लंगडा.

---

गुरांची_डॉक्टर · ११ जानेवारी, दुपारी २:१५

अगदी. वाढीच्या सांध्यांवर ते वजन येतं आणि हाडाच्या टोकाची कूर्चा बिघडते. दुसरं, आपल्याकडे सगळ्यांकडे हत्तीघास आणि गव्हाचा कोंडा. त्या गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त. दोन्ही मिळून हाडं पोकळ, चेहरा सुजल्यासारखा. मग मालक म्हणतो रक्तच खराब. रक्ताची चूक आणि वैरणीची चूक यांत गल्लत केली तर निवड कशाची करणार?

---

कागलची_पागा · १६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मंडळी, उशिराबद्दल माफी. गुऱ्हाळात अडकलो होतो. दोन्ही घोडे बघून आलो.

नुकरा आधी. खरं सांगतो, समोर उभा राहिला तेव्हा सगळं विसरलो. डॉक्टरताई, डोळे निळे. मी म्हटलं, जरा डांबरीवर चालवून दाखवता का. मालक म्हणाला, "नाल नवा बसवलाय." म्हटलं, मग नुसता अंगणात. दोन माणसं दोन बाजूंनी दोर धरून आली. दहा पावलं चालला आणि दफेदारकाका, तुम्ही म्हणालात तसे पुढचे खूर बाहेर. मोबाईलवर त्याचे सगळे व्हिडिओ घरी येऊन परत बघितले. एकातही तो सरळ कॅमेऱ्याकडे चालत येत नाही. सगळीकडे बाजूने, गवतात किंवा वाळूत. त्याची शिंगरं बघायची म्हटलं तर "सगळी विकली" असं उत्तर.

मग कराड. घोडा गोठ्याबाहेर नुसत्या दोरीला बांधलेला, शेजारी मालकाची नात गृहपाठ करत बसलेली. नालबंदाला फोन करून बोलावलं त्यांनी, माझ्यादेखत चारी खूर उचलले. गुडघ्याखालचा घेर मोजू दिला. मला म्हणाले, बसा की. बसलो. चाल तीच, माझ्या घोडीची.

निघताना म्हणाले, "ह्याची आई बघायची का?" गोठ्याच्या मागे चोवीस वर्षांची घोडी. पाठ थोडी वाकलीय, दात गेलेत, पण पायांवर एक गाठ नाही. आठ शिंगरं दिली तिने. त्यातली तीन त्याच गावात, तिन्ही बघून आलो. एक ऊसतोडीच्या दिवसांत टोळीपुढं रोज सात-आठ किलोमीटर जाते म्हणे. दिसायला तिन्ही साधीच.

---

निवृत्त_दफेदार · १७ फेब्रुवारी, पहाटे ५:४५

आई दाखवली ना, मग झालं. ग्लँडर्स ह्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी दोघांचीही करून घ्या. हिसारच्या अश्व संशोधन केंद्राचा अहवाल हातात आल्याशिवाय घोडी त्या गोठ्यात नेऊ नका.

---

गुरांची_डॉक्टर · १७ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

हेच लिहायला आले होते. माज साधारण एकवीस दिवसांनी फिरतो, पाच-सात दिवस टिकतो. शेवटच्या दोन दिवसांच्या आसपास घोडा दाखवा, आणि सोळाव्या दिवशी सोनोग्राफी. जुळी दिसली तर लगेच कळवा, घोडीला जुळी झेपत नाहीत.

---

कागलची_पागा · २९ मार्च, संध्याकाळी ७:००

रक्ताचे अहवाल स्वच्छ आले. ११ आणि १३ मार्चला दाखवली, काल सोनोग्राफी केली. एकच आहे. अकरा महिने धरले तर पुढच्या वर्षी शिवरात्रीच्या आगेमागे. वडील आता म्हशीचा विषय काढत नाहीत, आज सकाळी स्वतः खरारा केला.

---

तेजी_मंदी · २९ मार्च, रात्री ८:३०

अभिनंदन दादा. शिंगरू झालं की पहिला फोन मला. कुमैत निघालं तर राहू दे तुमच्याकडंच, पण समंद निघालं तर भाव तुम्ही सांगा.

---

गुरांची_डॉक्टर · २९ मार्च, रात्री ८:४१

कुमैत घोडा, कुमैत घोडी. काळं निघेल, तांबडं निघेल. समंद निघणार नाही, तेजी_मंदीदादा.

---

तेजी_मंदी · २९ मार्च, रात्री ८:४४

देवाची मर्जी असली तर?

---

गुरांची_डॉक्टर · २९ मार्च, रात्री ८:४६

तर मग डीएनए तपासून कराडवाल्यांचा शेजारी कोण ते बघावं लागेल.